कच्च्या लिंबाला खेळायला कोण घेणार?

ऑनलाइन खेळांतल्या जुन्या भिडूंना, गिल्ड आणि क्लॅन चालवणाऱ्यांना, आणि ज्यांच्या नावाशेजारी मुकुट किंवा सफरचंद झळकतं त्या सगळ्यांना,



पत्र लिहिणारीचं वय ५३. मागच्या पावसाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तीन महिने घरी बसायची वेळ आली. पहिला आठवडा भेटायला येणाऱ्यांत गेला, दुसरा छताकडे बघण्यात. तिसऱ्या आठवड्यात भाचा आला. ‘मावशी, तू काही विणकाम करणार नाहीस,’ असं म्हणत त्याने स्वतःचा जुना लॅपटॉप माझ्या पुढ्यात ठेवला. त्यात एक ऑनलाइन खेळ घातलेला होता. हजारो माणसं एकाच जगात हिंडतात, मिळून लढतात, तुला कंटाळा यायचा नाही, एवढं सांगून तो पुण्याची बस पकडायला पळाला.

हजारो माणसं होती हे खरंच. कोणी ड्रॅगनवर बसून डोक्यावरून जात होतं, कोणी चौकात नाचत होतं. अकरा दिवसांत त्यांतलं एकही माझ्याशी बोललं नाही. मीही बोलले नाही, कारण काय बोलायचं ते कळत नव्हतं. नव्या गावात पहिल्यांदा बाजाराला गेलं की कसं होतं? सगळे एकमेकांना ओळखतात, भाव करतात, हसतात, आणि आपण हातात रिकामी पिशवी धरून उभे. अगदी तसं.

बाराव्या दिवशी धीर करून ‘गट शोधा’ असं लिहिलेलं बटण दाबलं. दोन मिनिटांत चार अनोळखी भिडू मिळाले आणि आम्ही एका गुहेत उतरलो. दाराशी एक शिलालेख होता. मला वाटलं, लिहिलाय तर वाचावा. वाचून मान वर करते तो चौघं दोन दालनं पुढे. मी त्यांना गाठायला धावले, चुकीच्या वाटेने गेले, आणि वाटेतली सगळी भुतं मागे घेऊनच त्यांच्यात जाऊन पोचले. सगळे मेले. पडद्यावर पाटी आली, तुम्हाला गटातून काढण्यात आलं आहे. शिवी नाही, प्रश्न नाही, एक अक्षर नाही. त्या खेळाचं नाव मी इथे घेणार नाही, कारण हे कुठल्याही खेळात घडू शकतं आणि रोज घडतं. लॅपटॉप मिटला तेव्हा राग आला नव्हता. लाज वाटली होती. त्रेपन्नाव्या वर्षी, आपल्याच घरात, कोणी बघत नसताना.

या पत्राचं कारण एवढंच.

पण आधी एक खुलासा. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा केला त्यानंतर घराघरांत ‘ऑनलाइन गेम’ म्हटलं की लोकांना पैसे लावायची रमीच आठवते. त्या कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घातली. ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ वेगळे धरले. मी या दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलतेय. रमीवाल्यांनी हे पत्र इथेच सोडलं तरी चालेल.

माझं लहानपण मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. मिरज जंक्शन, त्यामुळे बदल्या सतत. दर जूनमध्ये दोन-तीन घरं रिकामी व्हायची आणि दोन-तीन नवी यायची. कोणी हुबळीकडचं, कोणी सोलापूरचं, एकदा तर थेट खरगपूरहून आलेलं कुटुंब. त्यांतल्या काहींच्या मुलांना मराठीचा गंध नसायचा. तरी आठवड्याभरात ती मुलं लगोरीत असायची, डबा ऐसपैसमध्ये असायची. कसं? कुठल्या मोठ्या माणसाने सांगितलं होतं म्हणून नाही. आमच्या खेळातच नवख्यासाठी एक जागा होती. तिला नाव होतं कच्चं लिंबू. कोणाकडे लिंबूटिंबू म्हणत, कोणाकडे दूधभात.

ही जागा किती विचारपूर्वक केलेली होती हे मला आत्ता, या वयात, गटातून हाकलली गेल्यावर कळलं. कच्चं लिंबू खेळात पूर्ण असतं. पळतं, लपतं, ओरडतं. पण आउट झालं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. त्याच्या चुकीने कोणाचा डाव जात नाही, म्हणून त्याच्यावर कोणी चिडत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे ते कोणाचं तरी कच्चं लिंबू असतं. गडी वाटून घेताना एखादी मोठी मुलगी म्हणायची, ‘हा माझ्याकडे.’ तिच्याच मागे ते पळायचं, तिचंच बघून शिकायचं. मग एक दिवस कोणीतरी जाहीर करायचं, आता हा पक्का. त्या दिवसापासून त्याच्यावर राज्य यायचं, आणि पहिलं राज्य आलं की ते पोर जेवढं खूश व्हायचं तेवढं पुढे कधी झालेलं मी पाहिलं नाही.

तुमच्या खेळांत नवख्याला सगळं मिळतं. नकाशा मिळतो, बाण मिळतो, बोलणारं घुबड मिळतं. ‘हा माझ्याकडे’ म्हणणारं तेवढं कोणी मिळत नाही.

हे आधीपासून असंच होतं का? मी वाचायला लागले. गुडघा हलत नसला की वाचन फार होतं. अशा खेळांचं मूळ १९७८मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात सापडतं. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघा विद्यार्थ्यांनी केलेला ‘मड’ नावाचा खेळ. चित्र नाही, आवाज नाही, निव्वळ शब्द. त्यात सगळ्यात वरच्या पायरीला पोचलेला खेळाडू ‘विझर्ड’ व्हायचा, आणि विझर्डला खेळाचं जग सांभाळायचे अधिकार मिळायचे. म्हणजे मुरलेल्याच्या हाती नुसती मोठी तलवार नाही, जबाबदारीही द्यायची, हे पहिल्याच खेळाला सुचलं होतं.

१९९९मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आला. तो निर्दय खेळ होता असं जुने खेळाडू आजही अभिमानाने सांगतात. मेलात तर तुमचं सगळं सामान प्रेताजवळच राहायचं, आणि ते आणायला चार माणसं गोळा करावी लागायची. मंत्र वापरून शक्ती संपली की ती भरून यायला बराच वेळ खाली बसून राहावं लागे. त्या बसण्यात लोक बोलायचे. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच! एसटी बंद पडली की डब्यातली भाकरी निघते आणि शेजारच्याची सगळी कुंडली कळते, त्यातला प्रकार. सोबत तिथे चांगुलपणातून आली नाही, अडचणीतून आली.

नोव्हेंबर २००४मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने ती अडचण बरीचशी काढून टाकली. एकट्याने खेळत शेवटच्या लेव्हलपर्यंत जाता येऊ लागलं. कोट्यवधी माणसं अशा खेळांकडे वळली ती यामुळेच, आणि माझ्यासारखी बाई तिथे पोचू शकली तीही यामुळेच, तेव्हा मी त्याला नावं ठेवणार नाही. पण २००६मध्येच निकोला ड्यूशनो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या खेळाचा अभ्यास करून एक गोष्ट दाखवून दिली. लोक तिथे बराचसा वेळ एकमेकांबरोबर खेळत नाहीत, एकमेकांच्या अवतीभवती खेळतात. आजूबाजूचे लोक म्हणजे प्रेक्षक आणि देखावा. मुंबईच्या लोकलमधला प्रवास म्हणा ना. हे मला पटलं, आणि त्यात वाईट आहे असंही नाही. काहींना तेवढीच सोबत हवी असते. माझे एक काका रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचे, कोणाशी एक शब्द न बोलता परत यायचे, आणि बरं वाटलं म्हणायचे.

मग डिसेंबर २००९मध्ये याच खेळात गट जुळवणारं यंत्र आलं. त्याआधी शहराच्या चौकात उभं राहून ओरडावं लागायचं: गुहेत जायचंय, एक वैद्य हवाय, कोणी येता का? चार जण जमायला कधी पाऊण तास जायचा, मग सगळ्यांनी मिळून तिथवर चालत जायचं. यंत्राने हे सगळं संपवलं. बटण दाबा, वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण उचलून थेट गुहेच्या तोंडाशी. वेळ वाचला यात शंका नाही. पण ज्याच्याशी पुन्हा कधीच गाठ पडणार नाही त्याच्याशी कसं वागायचं, हा प्रश्नही त्याच दिवशी जन्माला आला. चौकात ओरडून गोळा केलेल्या माणसाला हाकलायला भीड पडते, कारण उद्या चौकात तोच पुन्हा भेटेल. यंत्राने दिलेल्या माणसाला कसली भीड? २०२२मध्ये या खेळाची एक जुनी आवृत्ती पुन्हा बाजारात आणताना कंपनीने हे यंत्र मुद्दाम वगळलं होतं, ओळखीपाळखी वाढाव्यात म्हणून. वर्ष सरायच्या आत, २०२३च्या जूनमध्ये, ते परत घालावं लागलं. लोकांना ओळखी हव्या होत्या, पण पाऊण तास उभं राहायचं नव्हतं. मला दोन्ही बाजू कळतात.

कंपन्यांनी प्रयत्न केले नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. ‘फायनल फँटसी १४’ने तर जवळपास कच्चं लिंबूच तयार केलंय. नवख्याच्या नावाशेजारी हिरवं रोपटं दिसतं, म्हणजे सगळ्यांना कळतं की हा नवा आहे, जपून. गटातला कोणी ती गुहा पहिल्यांदा करत असेल तर बाकीच्यांना वरकड बक्षीस मिळतं. ही कल्पना मला फार आवडली. नवखा म्हणजे ओझं, हा हिशेबच तिथे उलटा केलाय. नवखा आला की जुन्यांचा फायदा. त्यामुळे त्या गुहांत लोक ‘पहिली वेळ का? सावकाश करू’ असं आपणहून म्हणतात. रोपट्यांसाठी गप्पांची वेगळी वाहिनी आहे, आणि तिथे उत्तरं द्यायला मुकुटवाले मार्गदर्शक आहेत.

मुकुटाचं मात्र हसं झालं. गटात चांगलं वागलात की दुसरे खेळाडू कौतुकाचं मत देतात. अशी १५०० मतं आणि बाकीच्या अटी भरल्या की मुकुट. मुकुट मिळाला की मार्गदर्शकांच्या रांगेत उभं राहता येतं, आणि त्या रांगेतून २००० वेळा पार पडलं की एक दुर्मीळ वाहन. लोक वाहनामागे लागले. शिकवायची हौस नसलेले, विचारलं तर खेकसणारे मुकुट घालून हिंडू लागले, आणि बाकीचे त्याला बर्गरच्या दुकानातला कागदी मुकुट म्हणू लागले. यातून मी काढलेला निष्कर्ष असा की बक्षीस लावून माणसाला नवख्याच्या दारापर्यंत नेता येतं. दार वाजवायचं काम त्याचं त्यालाच करावं लागतं.

आता तर कंपन्यांनीही माणसं जुळवायच्या त्रासातून अंग काढून घ्यायला सुरुवात केलीय. ‘फायनल फँटसी १४’मध्ये सुरुवातीच्या कथेतल्या गुहा संगणकाच्या पात्रांना बरोबर घेऊन करता येतात. ‘वॉरक्राफ्ट’मध्येही २०२४च्या जानेवारीपासून तशी सोय आहे. ही पात्रं कधी हाकलत नाहीत, कधी पुढे पळत नाहीत, शिलालेख वाचेपर्यंत थांबतात. मी त्यांच्याबरोबर चार गुहा केल्या. फार छान वागली सगळी. पाचव्यांदा जावंसं वाटलं नाही.

मला तारलं ते एका सफरचंदाने.

‘गिल्ड वॉर्स २’ हा २०१२चा खेळ, आणि २०१५पासून त्याचा मूळ भाग फुकट आहे. भाच्याने लॅपटॉपवर तोही ठेवला होता. त्याचे नियम कोणी केले असतील त्याला मी एकदा घरी जेवायला बोलावणार आहे. तुम्ही खाण खणली तर माझी खाण संपत नाही. प्रत्येकाला आपापलं मिळतं. राक्षस मारायला दहा जण आले तरी माझा वाटा कमी होत नाही. शेवटच्या लेव्हलचा खेळाडू सुरुवातीच्या प्रदेशात आला की त्याची ताकद आपोआप तिथल्या मानाने खाली येते, म्हणजे त्याला माझ्याबरोबर खेळता येतं, आणि तरी मजा येते. खाली पडलं की कोणीही वाकून उठवू शकतं, आणि उठवणाऱ्याला त्याचे गुण मिळतात. थोडक्यात, शेजारी दुसरा माणूस आला तर कपाळाला आठी पडायचं कारणच ठेवलेलं नाही. आणि मार्गदर्शकाच्या डोक्यावर चिन्ह कसलं? सफरचंदाचं.

क्वीन्सडेल नावाच्या पहिल्याच प्रदेशात मी दलदलीत तिसऱ्यांदा मेले होते. एक सफरचंदवाला आला, मला उठवलं आणि निघून न जाता तिथेच उभा राहिला. मी इंग्रजीत टाइप केलं, मी अगदी नवीन आहे, माफ करा. त्याने लिहिलं, माफी कसली, या दलदलीत दर दोन तासांनी एक मोठा राक्षस निघतो, तेव्हा ही काळी भोकं बंद करायची असतात, तू ते डावीकडचं धर. बस्स. भाषण नाही, दुव्यांची यादी नाही, ‘आधी अमुक व्हिडिओ बघून ये’ नाही. एक काम दिलं, माझ्या कुवतीचं. मी डावीकडचं भोक धरलं. आजूबाजूला तीसेक माणसं कुठून कुठून गोळा झाली, तो छायाराक्षस निघाला आणि पडला. मी एकदा मेले, कोणीतरी उठवलं. मी एकाला उठवलं! नंतर सगळे पांगले. तो मात्र थांबला आणि त्याने लिहिलं, उद्या याच वेळी?

त्या तीन शब्दांचं मोल तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे, मला शंका आहे. भिडू कोणत्याही यंत्राला आणून देता येतो. ‘उद्या याच वेळी’ विचारणारं यंत्र निदान मला तरी अजून भेटलेलं नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्या गिल्डच्या, म्हणजे टोळीच्या, पाटीवर ‘नवख्यांचं स्वागत’ असं लिहिलेलं असतं. हळदीकुंकवाला ‘सर्वांनी यावे’ असा फलक लावून घरात बसून राहिलं तर कोण येईल? कोणाला तरी उंबरठ्यापर्यंत जावं लागतं. चारशे सभासदांच्या गिल्डमध्ये शिरल्यावर मी ‘नमस्कार’ लिहिला तर एकाने हात हलवला, आणि नंतर तीन दिवस तिथे सहा जण आपसांतल्या थट्टा करत होते. त्यांचं चुकलं असं नाही. पण त्या थट्टांच्या मध्ये नवख्याने तोंड घालायचं कसं? आमच्या क्वार्टर्समधली ती मोठी मुलगी काय करायची ते आठवा. ती सगळ्यांना उद्देशून ‘या’ म्हणायची नाही. एकाचा हात धरायची. गिल्डमध्ये नवा माणूस आला की त्याला एक जण ठरवून द्या. एकच. दोन आठवड्यांसाठी. एवढं पुरतं.

दुसरं, वेळ ठरवा. ठरलेली वेळ ही लाजाळू माणसाला मोठा आधार असते. ‘कोणी आहे का?’ असं विचारायला धैर्य लागतं. मंगळवारी नऊ वाजता नुसतं हजर राहायला लागत नाही. भजनी मंडळ, भिशी, सकाळी टेकडीवर जाणारा गट, आपल्याकडे जे काही टिकलंय ते ठरलेल्या वारावर टिकलंय. आणि इथे आपली खरी अडचण आहे. युरोपातल्या बहुतेक गिल्ड त्यांच्या रात्री आठला जमतात. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा, आणि त्यांनी घड्याळं मागे घेतली की साडेबारा. सांगलीच्या मुलाला सकाळी सातला कामावर जायचं असेल तर तो कसा येणार? तेव्हा जर्मनीत, लंडनमध्ये बसलेल्या मराठी भिडूंनो, दर शनिवारी तुमच्या दुपारी चार-पाचला डाव मांडा. आपल्याकडे तेव्हा रात्रीची जेवणं उरकत आलेली असतात. तेवढ्याने फार मोठा फरक पडेल.

तिसरं, वस्तू देऊ नका. जुने खेळाडू दिलदार असतात. नवखा दिसला की वीस सोन्याची नाणी, एक तलवार, एक मोठी पिशवी हातात ठेवतात आणि भुर्रकन उडून जातात. मला अशी दोनदा मिळाली. पैसे बरे होते, पण दान घेतल्यासारखं वाटलं. पिशवीपेक्षा ते डावीकडचं भोक द्या.

आपल्या मोबाइलवरच्या मुलांबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तिथे चित्र उलटं आहे. पबजीवर २ सप्टेंबर २०२०ला बंदी आली तोपर्यंत आणि पुढे २०२१मध्ये त्याच्या जागी बीजीएमआय आल्यावर, गावोगाव पारावर, कट्ट्यावर, बंद दुकानाच्या पायरीवर चार-चार पोरं माना खाली घालून बसलेली मी पाहिली आहेत. त्यांना सोबत शोधायची नसते. सोबत आधीचीच असते, खेळ मागून आलेला. पंचाईत होते ती पाचव्याची. स्क्वॉड चौघांचं. पाचव्याने ‘रँडम’ खेळायचं, म्हणजे तीन परक्यांच्या शिव्या कानात घेऊन. आणि मुलगी असेल तर तिने माइक बंद ठेवायचा, हे आता मुलींनी न सांगता शिकून घेतलंय. माझी एक शेजारीण, अकरावीतली, फार चांगला नेम असलेली, दोन वर्षं मुकी खेळतेय. क्लॅन चालवणाऱ्यांनो, तुमच्या क्लॅनमध्ये माइकवर कोणी घाण बोललं तर त्याला त्याच रात्री बाहेर काढायचं, ही एक रीत पाळलीत तरी अशा कितीतरी मुक्या भिडूंना कंठ फुटेल. आणि लहान मुलगा आला तर त्याचा फोन नंबर, शाळा, फोटो काही विचारू नका, दुसऱ्याला विचारू देऊ नका. सोबत खेळापुरती. त्याच्या आईला कळवून.

तुमचं म्हणणं मला ऐकू येतंय. दिवसभर काम करून दमून आम्ही खेळायला बसतो, शिकवण्या घ्यायला नाही. कबूल. नवखेही सगळे गुणी नसतात. काही पहिल्याच वाक्यात पैसे मागतात, काही शिकवेपर्यंत गोड बोलतात आणि कामाच्या दिवशी गायब होतात. तेही कबूल, आमच्या मिरजेतही एक कच्चं लिंबू लगोरीचा चेंडू घेऊन घरी पळालं होतं. पण ज्या खेळाची ख्याती सर्वांत निष्ठुर अशी आहे त्या ‘ईव्ह ऑनलाइन’कडे बघा. तिथे फसवणूक नियमात बसते, लूट नियमात बसते. आणि तिथेच खेळाडूंनी २००४मध्ये नवख्यांसाठी ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’ सुरू केली. कंपनीने नाही, खेळाडूंनी. वर्ग भरतात, सहली निघतात, स्वस्तातलं जहाज कसं गमावायचं हेही शिकवतात, कारण तिथे गमावणं अटळच आहे. शिकून झालं की लोक दुसऱ्या, कधी शत्रूच्याही, टोळीत जातात, आणि शिकवणारे शिकवत राहतात. दमून घरी येणारी माणसंच आहेत ती.

आणि एक गोष्ट सांगते, जिच्यामुळे हे पत्र पाठवायचं ठरलं. नॉर्वेत मॅट्स स्टीन नावाचा मुलगा होता. ड्युशेन हा स्नायूंचा असाध्य आजार, हळूहळू शरीर निकामी. शेवटची वर्षं तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळत घरात असे, आणि आई-वडिलांना एकच दुःख होतं की आपल्या मुलाला मित्र नाहीत, कोणावर त्याने जीव लावला नाही. २०१४च्या नोव्हेंबरमध्ये, पंचविसाव्या वर्षी, तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर ती बातमी लिहिली. मग पत्रं यायला लागली, वेगवेगळ्या देशांतून. ‘स्टारलाइट’ नावाच्या त्याच्या गिल्डमधली माणसं लिहीत होती, त्याने आमचं ऐकून घेतलं, आमची समजूत घातली, माझ्या घरातलं भांडण मिटवलं. त्यातले काही जण परदेशातून अंत्यविधीला आले. २०२४मध्ये बेंजामिन री यांनी त्यावर माहितीपट केला. मी तो पाहिला तेव्हा एकाच गोष्टीत अडकले. मॅट्सही कधीतरी त्या गिल्डमध्ये पहिल्या दिवशी शिरला असेल. त्या दिवशी कोणीतरी त्याला जागा करून दिली असेल. त्या माणसाचं नाव माहितीपटात शोधून मला सापडलं नाही. त्याला स्वतःलाही बहुधा तो दिवस आठवत नसेल.

गुडघा आता बरा आहे. कामावर रुजू झाले. तो सफरचंदवाला पोर्तुगालचा ट्रकचालक निघाला. तो आठवड्यातले चार दिवस रस्त्यावर असतो, म्हणून आमचं शनिवारवर ठरलंय. गेल्या महिन्यात त्याने मला सांगितलं की आता तू पक्की. त्या रात्री दलदलीत एक नवीन मुलगी तिसऱ्यांदा मरून पडली होती. तिला मी डावीकडचं भोक दिलं.

तुम्ही ‘गिल्ड वॉर्स २’मध्ये आलात तर बरं होईल. तुमच्या मुलांना, भाचरांना, घरी बसलेल्या कोणा मावशीला आणलंत तर अधिक बरं. खेळ फुकट आहे. सुरुवातीला युरोपचा सर्व्हर निवडा, पात्र मानव घ्या, म्हणजे क्वीन्सडेल जवळ पडतं. नकाशात गॉडस्लॉस्ट स्वॅम्प शोधा. शनिवारी रात्री नऊला मी काठावर उभी असते. राक्षस आपल्या घड्याळाने सव्वानऊच्या सुमारास येतो.

तुमची,
मिरजेची एक भिडू